हवेतलं पीठ

बेकरी दोघी बहिणींची होती. थोरलीला सगळे मोठी म्हणायचे आणि धाकटीला धाकटी. गिऱ्हाइकंसुद्धा तसंच म्हणायची. मोठी मागे भट्टीघरात असायची आणि धाकटी पुढे गल्ल्यावर. ही वाटणी कुणी बसून केलेली नव्हती. मोठीला माणसांशी बोलायचा कंटाळा होता आणि धाकटीला बोलल्याशिवाय अन्न पचत नव्हतं, एवढंच. बेकरीच्या वर घर होतं. तिथे या दोघी आणि त्यांचे वडील राहायचे. मोठीने लग्न केलं नाही. धाकटीने केलं होतं आणि मोडलंही होतं, पण त्या विषयावर घरात कुणी बोलत नसे.

भट्टी वडिलांनी घातलेली. गुडघे गेल्यावर ते वर जाऊन बसले आणि पुन्हा फारसे खाली उतरले नाहीत. त्यांच्या सोबतीला एक करड्या रंगाचा बोका होता. खिडकीत बसून रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाकडे तो संशयाने बघायचा, म्हणून वडिलांनी त्याचं नाव मुनीम ठेवलं होतं.

मोठीचा दिवस उजाडण्याआधी सुरू व्हायचा. मैद्याचं पोतं खांद्यावर घेऊन मळायच्या मशिनीत रिकामं करायचं, पाणी आणि खमीर घालायचं, पीठ मळून झालं की फळीवर काढून गोळे तोडायचे. गोळे फळीला चिकटू नयेत म्हणून आधी कोरडं पीठ भुरभुरावं लागतं. ते मोठी मनगटाच्या एका झटक्यात टाकायची आणि सगळ्या फळीवर सारखा पातळ थर बसायचा. याचा तिला अभिमान होता. तो थर बसायचा खरा, पण सगळं पीठ काही खाली बसत नसे. दिवा लावला की बारीक कण हवेत तरंगताना दिसायचे. लहानपणापासून ती त्याच हवेत वाढली होती आणि वीसेक वर्षं त्याच हवेत काम करत होती. हवेत पीठ असणं म्हणजे नदीत पाणी असणं, यापलीकडे तिने त्याचा कधी विचार केला नव्हता.

आधी शिंका सुरू झाल्या. सकाळी काम करताना सटासट शिंका यायच्या, डोळे चुरचुरायचे, नाक गळायचं. मोठीने सर्दी म्हणून सोडून दिलं. मग खोकला आला. हा खोकला मात्र कामाच्या वेळी फार नसायचा. दुपारी काम आटोपून, अंघोळ करून, जेवून ती वडिलांच्या खोलीत आरामखुर्चीत पडायची, मुनीम येऊन तिच्या मांडीवर गोळा होऊन बसायचा आणि थोड्या वेळाने तिची छाती भरून यायची. श्वास सोडताना बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. संध्याकाळपर्यंत जिना चढणंही जिवावर यायचं.

त्याच सुमारास भट्टीच्या विटा बदलायला काढल्या आणि बेकरी काही दिवस बंद राहिली. मोठी दुसऱ्या गावी मैत्रिणीकडे जाऊन राहिली. तिथे दोन दिवसांतच ती ठणठणीत झाली. परत आली, कामाला लागली आणि त्याच आठवड्यात शिट्टी पुन्हा वाजू लागली.

धाकटीने सरळ हिशेब मांडला. मैत्रिणीकडे मांजर नव्हतं, घरात आहे. मांजर मांडीवर बसलं की त्रास होतो. मांजराच्या केसांनी दमा होतो हे तर सगळ्यांनाच माहीत असतं. मोठीलाही ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

वडिलांना हे सांगायचं कसं, यावर दोघी दोन दिवस कुजबुजत होत्या. वडिलांना ऐकू कमी येतं असा त्यांचा समज होता. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच बोळातल्या घड्याळजीकडे जाऊन बोलून आले. घड्याळजी त्यांचा जुना दोस्त होता आणि दुकानात उंदरांनी त्याचे नाकी नऊ आणले होते. वडिलांनी मुनीमाला झाकणाच्या टोपलीत घातलं आणि गुडघे दुखत असताना स्वतः उचलून नेलं. मोठी दारात उभी होती.

"तुझा श्वास आधी," वडील म्हणाले आणि जिना उतरू लागले.

घर धुऊन काढलं. गाद्या उन्हात टाकल्या, पडदे बदलले, बोक्याची उशी टाकून दिली. पहिले चार दिवस मोठीला बरं वाटलं. म्हणजे तिला तसं वाटायचं होतं आणि धाकटीला तसं ऐकायचं होतं. पाचव्या दिवशी ती जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली ती उठलीच नाही. ओठांचा रंग बदलला होता. मग धाकटीने तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी छाती तपासण्याआधी बराच वेळ नुसत्या गोष्टी विचारल्या. काम काय करता, काम करताना नाक गळतं का, सुट्टीत कसं वाटतं, मैत्रिणीच्या गावाहून परत आल्यावर आधी काय सुरू झालं, शिंका की खोकला. मोठीने मांजराची हकिगत सांगितली. बाईंनी ती ऐकून घेतली आणि मोठीचा हात टेबलावर उताणा ठेवून तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या बाजूला पेनाने खुणा केल्या. प्रत्येक खुणेशी एकेका अर्काचा थेंब टाकला आणि थेंबातून कातडीला सुईने हलकंसं टोचलं. मग तिघी हाताकडे बघत राहिल्या.

मांजराच्या खुणेवर काहीच उठलं नाही. धुळीच्या खुणेवरही नाही. गव्हाच्या खुणेवर मात्र डास चावल्यासारखी गांधी उठली, ती वाढत जाऊन तिच्याभोवती लाल गोल पसरला आणि तिथे इतकी खाज सुटली की मोठीने दुसऱ्या हाताची मूठ आवळून धरली. पाव फुलायला आणि मऊ राहायला मैद्यात एक पूड मिसळतात, तिच्या खुणेवर तर त्याहून मोठी गांधी आली.

"पण पाव तर मी रोज खाते," मोठी म्हणाली. "मला काही होत नाही."

बाईंनी समजावून सांगितलं. पोटात जाणारा पाव भाजलेला असतो, त्यातले घटक आचेने बदललेले असतात आणि पोटात ते आणखी मोडतात, त्यामुळे बहुतेकांना खाण्याचा त्रास होत नाही. श्वासातून जातं ते कच्चं पीठ. नाकाच्या आणि श्वासनळीच्या अस्तरात पहाऱ्यावरच्या पेशी असतात. बाहेरून आलेला कण त्या उचलतात आणि आतल्या पेशींना दाखवायला नेतात, की हा कोण, ओळखीचा आहे का. बहुतेकांच्या बाबतीत आतून उत्तर येतं, निरुपद्रवी आहे, जाऊ दे. काहींच्या बाबतीत कधीतरी उत्तर चुकतं. का चुकतं ते पुरतं कुणालाच सांगता येत नाही. थोडं रक्तातून आलेलं असतं, थोडं वर्षानुवर्षं किती पीठ आत गेलं त्यावर असतं. एकदा उत्तर चुकलं की शरीर त्या पिठाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करायला घेतं. ही प्रतिपिंडं मास्ट पेशी नावाच्या पेशींच्या अंगावर जाऊन चिकटून बसतात. या पेशी दारूगोळ्याने भरलेल्या असतात. इतकं सगळं होईपर्यंत माणसाला काही म्हणजे काही जाणवत नाही. मग एके दिवशी पिठाचा कण येतो, त्या प्रतिपिंडांत अडकतो आणि पेशी फुटल्यासारखी आपला सगळा साठा बाहेर टाकते. त्यातल्या हिस्टामिनने शिंका येतात, डोळे चुरचुरतात, नळ्या आवळतात. हे काही मिनिटांत होतं.

"आणि दुपारचं?" धाकटीने विचारलं. "दुपारी तर ती भट्टीघरात नसते."

तीच यातली फसवी गोष्ट आहे, असं बाई म्हणाल्या. पहिल्या पेशींनी दिलेल्या हाकेवर मागून दुसऱ्या पेशींची फौज येते. तिला पोचायला काही तास लागतात. ती आली की नळ्यांना आतून सूज येते, कफ होतो, छाती भरते. तोवर माणूस घरी आलेला असतो, अंघोळ करून आरामखुर्चीत बसलेला असतो. सकाळच्या पिठाचा त्रास दुपारी होतो आणि त्या वेळी जो कुणी मांडीवर असेल त्याच्यावर खापर फुटतं.

मोठी हातावरच्या गांधीकडे बघत होती. "म्हणजे माझं शरीर मला वाचवतंय असं त्याला वाटतंय."

"हो. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललंय," बाई म्हणाल्या. "पण भुई तुमच्या फुप्फुसांची आहे. असंच चालू राहिलं तर नळ्या कायमच्या जाड होतील."

काम सोडणं उत्तम, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते जमणारच नसेल तर हवा गाळून घेणारा चांगला मुखवटा, मशिनीवर झाकण, पीठ उंचावरून न ओतणं, झाडूऐवजी ओलं फडकं, शिवाय रोजचा श्वासातून घ्यायचा फवारा. पण हे सगळं करूनही भरवसा नाही. मोठीने यातलं शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं लक्षात ठेवलं.

परत येताना दोघी घड्याळजीच्या दुकानावरून गेल्या. मुनीम काउंटरवर दोन अलार्म घड्याळांच्या मधोमध झोपला होता. घड्याळजीने आढेवेढे घेतले, उंदीर आत्ता कुठे कमी झाले म्हणाला, पण दिला. घरी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी टोपलीचं झाकण उघडलं आणि बोक्याला म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली रे तुला." मुनीम पुढचे कित्येक दिवस मोठीकडे ढुंकूनही बघत नव्हता. ती खोलीत आली की उठून खिडकीत जायचा.

मोठीने मुखवटा आणला. दोन्ही गालांवर गोल डब्या असलेला, रंगकाम करणारे वापरतात तसला. मशिनीला लाकडी झाकण बसवून घेतलं. मनगटाचा झटका बंद केला. चाळणी फळीला जवळजवळ टेकवून ती पीठ टाकायची आणि ते तिला दुसऱ्याच कुणाचं काम करत असल्यासारखं वाटायचं. भट्टीजवळ मुखवट्यात घामाच्या धारा लागायच्या. तरी महिना-दोन महिने बरे गेले. फवाऱ्याने छाती मोकळी राहायची. तिला वाटलं, निभावलं.

एका सकाळी फडताळावरचं पोतं घसरलं. नीट ठेवलं नव्हतं एवढंच. खाली पडून ते शिवणीवर फाटलं आणि भट्टीघरात समोरची भिंत दिसेनाशी झाली. मोठीने त्याच क्षणी पाणी प्यायला मुखवटा कपाळावर सरकवलेला होता. तिने श्वास रोखला, पण तोवर एक श्वास आत गेला होता, आणि मग खोकला आला तेव्हा आणखी गेले. फवारा एप्रनच्या खिशात होता. तो हाताला लागला, पण दाबल्यावर आत जाईल इतका श्वासच घेता येईना. तिने हाताला लागलेला पावाचा पत्र्याचा साचा उचलून पुढच्या भिंतीवर आपटला.

गल्ल्यावर धाकटी कुणाशी तरी बोलत होती. तिला आवाज ऐकू आला. बोलणं अर्धवट टाकून ती आत धावली आणि बहिणीला काखेत धरून मागच्या दाराने ओढत रस्त्यावर घेऊन आली. गिऱ्हाइकानेच गाडी थांबवली. इस्पितळात पोचल्यावर तोंडावर प्राणवायू लावला, सुया दिल्या आणि तासाभरात मोठी माणसात आली. तिला घरी जायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी सोडलं नाही. मागची फौज अजून यायची आहे, म्हणाल्या. ती संध्याकाळी आली, आणि सकाळपेक्षा वाईट आली.

मोठी घरी परतली ती अशक्त होऊन, पण दुसऱ्याच दिवशी सवयीने अंधारातच उठून खाली गेली. भट्टीघराच्या दाराला किल्ली लागेना. तिने दिवा लावून बघितलं. कुलूप नवं होतं. आतून मशिनीचा आवाज येत होता. तिने दार वाजवलं. मशीन थांबलं, धाकटी बाहेर आली आणि तिने दार मागे ओढून घेतलं. तिच्या केसांना, भुवयांना पीठ लागलं होतं. मोठीपासून चार पावलं लांब उभी राहून तिने एप्रन काढून दाराच्या आत टाकला.

"किल्ली दे," मोठी म्हणाली.

"नाही देणार."

"बेकरी माझीही आहे."

"आहेच. पुढे गल्ल्यावर बस, भाव ठरव, लोकांशी भांड, हवं ते कर ताई. आत नाही."

"तुला पाव करता येत नाही."

"शिकेन. वाईट होतील, लोक शिव्या देतील. देऊ देत."

मोठी जिना चढून वडिलांच्या खोलीत आली. चढताना तिला दोनदा थांबावं लागलं आणि त्याचाही तिला राग आला. वडील जागे होते. भट्टी तुम्ही बांधलीत, धाकटी मला तिथे पाऊल टाकू देत नाही, तिला तुम्ही सांगा, असं तिने त्यांना सांगितलं. वडिलांनी मांडीवरच्या बोक्याच्या पाठीवरून हात फिरवणं थांबवलं.

"कुलूपवाल्याला मीच बोलावलं होतं," ते म्हणाले.

त्यानंतर मोठी दोघांशीही बोलेनाशी झाली. गल्ल्यावर ती एकदाच बसली. गिऱ्हाईक पाव परत घेऊन आलं आणि दाराला टेकण म्हणून चांगला आहे म्हणालं. ते खरंच होतं. ती उठून वर गेली. धाकटीचे पहिले पाव विटांसारखे होते. नंतरचे वरून करपलेले आणि आतून कच्चे निघाले. काही जुनी गिऱ्हाइकं दुसऱ्या बेकरीकडे वळली, काही निव्वळ दयेपोटी येत राहिली.

मोठी सकाळी अंथरुणात पडून खालच्या मशिनीचा आवाज ऐकायची. पीठ घट्ट झालं की मशीन कण्हल्यासारखं करतं, पाणी बरोबर असलं की आवाज सपाट येतो. ती ऐकत राहायची आणि दात आवळायची. एका सकाळी मशीन इतकं कण्हायला लागलं की तिला राहवेना. उठून तिने टाचेने जमिनीवर जोरात ठोका दिला. खाली मशीन थांबलं. थोडा वेळ गेला. मग पुन्हा सुरू झालं तेव्हा आवाज मोकळा होता. धाकटीने पाणी घातलं होतं.

त्यानंतर हे रोजचंच झालं. एक ठोका म्हणजे पाणी, दोन ठोके म्हणजे पुरे, आता बंद कर. जेवताना दोघी एकमेकींकडे बघत नसत. वडील मधल्या मध्ये मीठ इकडून तिकडे देत असत. पाव सुधारत गेले. आधी खाण्याजोगे झाले, मग बरे झाले.

पण छाती काही पूर्ण मोकळी होईना. डॉक्टरीणबाईंनी कारण विचारलं तेव्हा मोठीला कबूल करावं लागलं की ती अजून बेकरीच्या वरच राहते. पीठ जिन्याने वर चढतं, धाकटीच्या केसांतून, कपड्यांतून येतं. शरीराला एकदा शत्रू कळला की त्याची चिमूटसुद्धा त्याला पुरते, असं बाई म्हणाल्या. मोठीने नदीकाठी एक खोली बघितली. ते सांगायला म्हणून ती धाकटीशी पहिल्यांदा बोलली, आणि सांगून झाल्यावर दोघी रडल्या. धाकटी लांबूनच रडली, कारण तिने अजून कपडे बदलले नव्हते.

नदीवर एक फेरीबोट चालायची. या काठावरून त्या काठावर, दिवसभर. बोटीला दोर टाकायला आणि फळी लावायला माणूस हवा होता. मोठीचे खांदे पोती उचलून तयार झालेले होते आणि पहाटे उठायला तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. बोटीच्या तांडेलाने बाईमाणूस म्हणून पहिले काही दिवस डोळ्यांत तेल घालून तिच्यावर लक्ष ठेवलं, मग सोडून दिलं. पाण्यावरची हवा स्वच्छ होती. त्या वर्षात डॉक्टरीणबाईंनी तिचा फवारा कमी करत आणला. बाईंनी पुन्हा हातावर थेंब टाकून बघितले. गव्हाची गांधी तेवढीच मोठी उठली. फुप्फुसं सावरली होती, पण शरीर काही विसरलं नव्हतं. ते बहुधा विसरणारही नाही, असं बाईंनी सांगितलं आणि मोठीने मान डोलावली. पिठाच्या गिरणीचा रस्ता ती टाळायची. एरवी ती बेकरीबद्दल फार बोलत नसे. कधीकधी फळी ओली आहे का बघायला हात फिरवताना तिचं मनगट आपोआप झटका द्यायचं, आणि ती हात कमरेच्या पट्ट्यात खोचायची.

सुट्टीच्या दिवशी धाकटी बोटीवर यायची. येण्याआधी केस धुवायची, पीठ न लागलेले कपडे वेगळ्या कपाटातून काढून घालायची. एकदा ती वडिलांनाही घेऊन आली. त्यांना बोटीवर चढवायला तांडेलाने खुर्ची दिली. बोट सुटली, दोर गुंडाळून झाला, तेव्हा मोठी त्यांच्याजवळ येऊन बसली. धाकटीने कापडात गुंडाळलेला पाव काढला. तो मोठीने आजवर केलेल्या कुठल्याच पावासारखा दिसत नव्हता. कवच गडद होतं आणि आत ओबडधोबड मोठी भोकं होती.

मोठीने तुकडा तोडून खाल्ला. किंचित आंबट होता. ती बराच वेळ चावत राहिली. धाकटी नदीकडे बघत होती, म्हणजे तसं दाखवत होती.

"हे कसं केलंस?" मोठीने विचारलं.

धाकटीने सांगायला सुरुवात केली. मैद्यात ती पाव फुलवायची पूड घालणं तिने बंदच केलं होतं. त्याऐवजी आदल्या दिवशीचं थोडं पीठ राखून, ते आंबवून नव्या पिठात मिसळायचं. ते दिवसभर थंड जागी ठेवायचं, मळायचं कमी, नुसत्या घड्या घालायच्या. पहिला पंधरवडाभर सगळं फुकट गेलं, असं ती म्हणाली. मोठी मध्येच अडवून विचारत होती, पाणी किती कोमट, घड्या किती वेळाने, भट्टीत आधी वाफ सोडतेस का. धाकटी उत्तरं देत होती. वडील खुर्चीत बसून दुसरा तुकडा खात होते, दात नसल्यामुळे त्यांना वेळ लागत होता.

पलीकडचा काठ जवळ आला. तांडेलाने घंटा दिली. मोठीने उरलेला तुकडा तोंडात टाकला, हात झटकले आणि दोर उचलायला उठली.

"थांब, मी आलेच," ती म्हणाली. "वाफेचं राहिलंय अजून."